भांड्याचं तोंड

माझा एक पुतण्या टेक्सासमध्ये असतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी बिअर करतो. तिथे त्याला कुणाची आडकाठी नाही. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरच्यापुरती बिअर करमुक्त झाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही, एवढी अट. त्याच्या शंका माझ्याकडे येतात, कारण अख्ख्या भावकीत बिअरच्या कारखान्यात नोकरी केलेला मी एकटा. वाळूजला ब्रू हाउसमध्ये होतो, आता निवृत्त होऊन जळकोटला राहतो.

त्याची अलीकडची शंका अशी होती. ‘काका, कृती पाच गॅलनची आहे, साडेचार किलो माल्ट लागतो. माझं पातेलं बारा लिटरचं. सगळंच निम्म्यावर आणू का?’

त्याची गरज नव्हती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात तासभर धरले की मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं पिठुळाची साखर करतात. या कामाला कारखान्यात आम्ही मॅश म्हणायचो. साडेचार किलोंपैकी दीड किलो माल्टचाच मॅश त्याने घरी करायचा. त्याला चार-साडेचार लिटर पाणी, ६६ अंश सेल्सिअस उष्णता आणि एक तास लागतो. उरलेल्या तीन किलोंच्या जागी माल्टचा तयार कोरडा अर्क विकत आणायचा. एक किलो अर्कात साधारण एक किलो सहाशे ग्रॅम माल्टएवढी साखर येते, म्हणून तीन किलोंचं काम एक किलो नऊशे ग्रॅमवर भागतं. हा पार्शल मॅश. घरी बिअर करणारे बरेच लोक याच वाटेने शिकतात, आणि ती वाट चांगली आहे.

पुढचा भाग मात्र त्रैराशिकाने सुटत नाही. वीस लिटर उकळताना तासाला तीन लिटर उडत असतील, तर त्याच पातेल्यात तेवढ्याच आचेवर दहा लिटर उकळले तरी तीनच लिटर उडतात. वाफ जाते ती पाण्याच्या उघड्या तोंडातून आणि आचेच्या जोराने. खाली साठा किती आहे, याच्याशी तिचं देणंघेणं नसतं. म्हणून कृती निम्मी केली की बिअर घट्ट होते आणि दुप्पट केली की पातळ राहते. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचंही तसंच. साखरेचं पाणी दाट असेल तर त्यांचा कडवटपणा कमी उतरतो. लहान पातेल्यात दाट पाणी उकळून नंतर ते वाढवणाऱ्याने निम्मा अर्क उकळीच्या शेवटी घालावा, म्हणजे निभावतं.

हे सगळं त्याला फोनवर सांगताना मला आमच्याच भागाचा इतिहास आठवत होता. या मुलखात पिण्याच्या वस्तूचं प्रमाण दर काही पिढ्यांनी कुणीतरी वाढवलं, आणि दर वेळी ते नुसतं गुणून वाढवलं.

प्रमाण वाढवण्याचा घरगुती प्रश्न लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याला वर्षातून एकदा पडतोच. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. रानात कडब्याची खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची, आणि मग भज्जी, उंडे, खिचडा, खीर, तिळाच्या पोळ्या. ज्याला रान नाही त्यालाही जेवायला बोलवायचं. या सगळ्याबरोबर आंबील. बिंदग्यात भरून डोक्यावर घेऊन बायका ती रानात आणतात.

आंबिलीचा मसुदा सोपा आहे. ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात कालवून ठेवायचं. पहाटे ते उकळत्या पाण्यात सोडून पातळ शिजवायचं. निवल्यावर आणखी ताक, आणि वाटलेलं आलं, लसूण, जिरं, कोथिंबीर. घरात सहा माणसं असतात, येळवशीला साठ होतात. सहाचं साठ करायला नव्या सुनेने दहाने गुणलं तर आंबील बिघडते. माझी थोरली काकू आमच्या घरच्या येळवशीची कारभारीण होती. तिचे नियम ठरलेले. पीठ आणि ताक दहापट, पाणी आठपटीहून थोडं जास्त, कारण मोठ्या डेगीतून उडतं कमी. लसूण आणि मिरची पाचपटीवर थांबवायची. आणि पीठ कालवायचं उशिरा, घरच्यासारखं दिवेलागणीला नाही, जेवणं उरकल्यावर. मार्गशीर्षाच्या थंडीत लहान भांडं रात्रीत गार पडतं, मोठं भांडं ऊब धरून राहतं आणि लवकर आंबतं. परभणीला अन्नतंत्र शिकताना हीच गोष्ट मला पृष्ठभाग आणि घनफळ यांच्या गुणोत्तराच्या नावाने परीक्षेत आली होती.

आंबिलीत नशा नसते, हे आपल्याला इतकं माहीत आहे की का नसते, असं कुणी विचारत नाही. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया या देशांत ज्वारीची एक गढूळ, आंबट, पिठूळ बिअर पितात. ती करताना आधी पीठ आंबवतात, मग शिजवतात, मग त्यात मोड आणलेल्या ज्वारीचा माल्ट घालतात, आणि शेवटी ती यीस्टने फसफसते. पहिल्या दोन पायऱ्या आपल्या आंबिलीच्याच आहेत. तिसरी नाही. माल्ट नाही म्हणून पिठुळाची साखर होत नाही, साखर नाही म्हणून यीस्टला खायला काही नाही, मग ताकातले जिवाणू एकटेच काम करतात आणि आंबटपणावर गाडी थांबते. आंबील म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबलेली बिअर आहे, असं मी कारखान्यात म्हणायचो तेव्हा सोबतचे हसायचे. पण ती तशीच आहे.

मग आमच्या लोकांनी तिसरी पायरी का चढली नाही? ज्वारी होती. मोड आणणं माहीत होतं, मटकीला आणतातच. एक कारण ज्वारीतच आहे. तिच्या कोवळ्या पोंग्यात विष असतं. पाऊस ताणल्यावर पोंगे खाल्लेलं जनावर दगावतं, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. मोडातही तेच विष उतरतं. माल्ट करायचा तर मोड आणि मुळ्या वाळवून, चोळून काढाव्या लागतात. आफ्रिकेत लोकांनी ते केलं. आमच्याकडे तेवढा खटाटोप करायची पाळीच आली नसावी, असं मला वाटतं. तयार साखर समोर होती. ओढ्याकाठी शिंदी, डोंगराकडे मोह, उसाच्या पट्ट्यात गूळ. ज्या देशात साखर झाडाला लागते तिथे दाण्यातून साखर काढायचं कुणाला सुचेल?

दाण्याची दारू आपल्याला अजिबात माहीत नव्हती असं मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर एक प्रकरण आहे आणि त्यात मेदक नावाच्या दारूची कृती मापासकट दिली आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. सोळा प्रस्थांचा द्रोण आणि चार प्रस्थांचा आढक, म्हणजे पाणी सोळा, तांदूळ दोन, किण्व तीन. माझ्यासारख्याला हे वाचताना आनंद होतो, कारण हे प्रमाण भांडं कुठलंही असलं तरी चालतं. किण्व म्हणजे उडदाच्या पिठात तांदूळ आणि वनस्पती घालून केलेलं विरजण. साखर करण्याचं जे काम युरोपात माल्टने केलं ते इथे बुरशी आणि विरजणाने केलं. तांदळापेक्षा किण्व जास्त, हे पाहून आजचा कारखानदार दचकेल, पण विकरं कुठून येणार याचं उत्तर त्या तीन प्रस्थांत आहे.

त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे आणि मला तो कृतीहून मोलाचा वाटतो. दारू करणं सरकारचं काम, पण घरधनी माणसाला कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा, आणि उत्सव, मेळा, यात्रा असेल तर चार दिवसांची मोकळीक. घरचं भांडं वेगळं आणि राज्याचं भांडं वेगळं, हे त्या अत्यंत कडक लेखकाला मान्य होतं.

आमच्या जवळचा पुरावा बाराव्या शतकातला आहे. जळकोटहून उदगीर, तिथून पुढे बिदर जिल्ह्यात बसवकल्याण. ती चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या जेवणाची, पाण्याची, पेयांची आणि मदिरापानाच्या क्रीडेचीही वर्णनं आहेत. तो दरबार आहे, त्यावरून कुणब्याच्या घरात काय होतं हे कळत नाही, तेव्हा त्यावर जास्त थांबत नाही.

कुणब्याच्या घराला खरा धक्का लागला तो आबकारीचा. जळकोट निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, उदगीर तालुका आणि बिदर जिल्हा. संस्थानाच्या तिजोरीला जमीन महसुलाबरोबर आबकारीचा मोठा आधार होता. शिंदी आणि मोहाच्या दारूचे गुत्ते लिलावाने जात. गुत्तेदार आधी सरकारला रक्कम बांधून देणार आणि मग ती गावाकडून वसूल करणार. शिंदीखाना त्याचा, झाड त्याचं, भाव त्याचा. आमच्या भागात अजून दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतात. निजाम गेला, पण दुकानावरची ही पाटी लोकांनी तोंडात ठेवली.

इथे शिंदीचा स्वभाव पाहिला पाहिजे. शिंदीच्या शेंड्याजवळ सालीला खाच पाडून मडकं बांधतात. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढलं की हवेतल्या आणि मडक्याला चिकटलेल्या यीस्टने ती आपोआप फसफसते, दुपारपर्यंत बिअरच्या ताकदीची होते, आणि दुसऱ्या दिवशी शिरका व्हायला लागते. न तिला उकळायचं, न विरजण लावायचं. पण तिचं प्रमाण वाढवता येत नाही. झाड जेवढं देईल तेवढंच, आणि ते आजच्या आज प्यायचं. ज्या गावात पंचवीस झाडं त्या गावाला पंचवीस मडकी. निसर्गानेच बांधून दिलेली मर्यादा होती ती. लिलावाची पद्धत आली की गुत्तेदाराने बोललेली रक्कम दरवर्षी चढते, झाडं मात्र तेवढीच राहतात. मग फरक कुठून भरून निघणार? झाडाला जास्त खाचा पाडून, शिंदीत पाणी घालून, किंवा पिणारे वाढवून. रकमेला गुणता येतं, झाडाला गुणता येत नाही.

म्हणून १९४७-४८ च्या लढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा कार्यक्रम झाला याचं मला नवल वाटत नाही. निजामाने भारतात सामील व्हायचं नाकारलं, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसने जंगल सत्याग्रह, लेव्हीला विरोध, करोडगिरी नाक्यांवर हल्ले असे कार्यक्रम हाती घेतले. त्यातच शिंदीतोड. रात्रीतून शिंदबनं आडवी झाली. तोडणाऱ्यांत गांधींच्या वाटेने दारूबंदी मानणारे होते आणि निजामाचं उत्पन्न बुडवायचं एवढंच मनात असलेलेही होते. कुऱ्हाड दोघांची एकच. ती राजकीयदृष्ट्या अचूक होती, हे मान्य. पण शिंदी रस द्यायला लागण्याआधी कित्येक वर्षं वाढते, आणि तोडलेल्या झाडाबरोबर झाडावर चढणाऱ्याचं हातातलं कामही गेलं. त्याचा हिशेब कुठल्या स्मृतिस्तंभावर लिहिलेला मी पाहिला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा मागोमाग इकडे आला. त्या कायद्याने मोहाची फुलं, मळी आणि सडका गूळ यांच्यावरही नियंत्रण ठेवलं. सडका गूळ, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. गुळाच्या ढेपेला कायद्याची भीती वाटावी अशी वेळ आली, कारण शिंदी संपल्यावर गावाकडची हातभट्टी गुळावर गेली होती. शिंदी बिअरच्या ताकदीची होती आणि उघड्यावर होती. तिच्या जागी आली ती लपवून गाळलेली जहाल दारू, जिच्यात काय पडलंय हे पिणाऱ्याला कळत नव्हतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. मोहाच्या फुलांवरची बंधनं काढायचा निर्णय राज्य सरकारने घेतला तो २०२१ मध्ये. मधल्या काळात १९७३ चे देशी दारूचे नियम आले, परवान्याची देशी आली, आणि बाटलीवर ‘२५ यू. पी.’ असा छाप आला. त्याचा अर्थ ४२.८ टक्के मद्यार्क. गावात हा आकडा वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसऱ्या देशांत याच काळात उलटं चाललं होतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा बिअरच्या कंपन्यांनी माल्टच्या पाकाचे डबे बाजारात आणले, पाव भाजायला म्हणून. लोकांनी पाव किती भाजले ते देव जाणे. माझा पुतण्या आज जो अर्क ओततो त्याचा धंदा त्या डब्यांनी वाढवला. इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला १८८० पासून परवाना लागायचा, १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. दोन्हीकडे घरची बिअर सुटली म्हणून सरकारचा महसूल बुडाला नाही. कौटिल्याला जे समजलं होतं ते त्यांना उशिरा समजलं. आपल्याकडे अजून परवान्याशिवाय घरी काहीही आंबवून मादक करणं गुन्हा आहे, मग ते विकायचं असो वा नसो. मी पुतण्याला पाठवतो ती गणितं इथे कुणाला करून दाखवू शकत नाही, हा माझा छोटासा राग.

माझी नोकरी मात्र राज्याच्या भांड्यात झाली. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाणा आणि वाळूज इथे देशी-विदेशी बिअर कंपन्यांचे कारखाने एकामागून एक आले. पाणी जायकवाडीचं, माल्ट उत्तरेतल्या जवाचा. आमच्या एका उकळीला वीस हजार लिटर. त्यात माल्टबरोबर तांदळाची कणीही असायची. कणी वेगळ्या कढईत शिजवून मग माल्टच्या मॅशमध्ये सोडायची आणि माल्टची विकरं तिचीही साखर करून देतात. पुतण्याच्या पार्शल मॅशचं हे मोठं भावंड. तो माल्ट कमी करून अर्क भरतो, आम्ही माल्ट कमी करून कणी भरायचो. स्वस्त पडतं आणि बिअर हलकी लागते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी संपलं. १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्मं आणि मग ६० टक्के कापायचा आदेश दिला. त्या दिवसांत माझे गाववाले मला फोन करून विचारायचे की एका बाटलीला किती पाणी लागतं. लिटरभर बिअरला धुणं-पुसणं धरून चार-पाच लिटर, हे मी खरं सांगायचो. आदेश बरोबरच होता. जळकोटला तिरू नदीच्या पात्रात खड्डे खणून लोक पाणी भरत असताना दुसरा काय आदेश निघणार?

पण निम्मं पाणी मिळालं म्हणून उकळ निम्मी करता येत नाही, हे बाहेर कुणाला कळत नव्हतं. मॅश झाल्यावर तो जाळीच्या तळावर गाळतात. तिथे माल्टच्या टरफलांचा थर बसतो आणि तो थरच गाळणी होतो. माल्ट निम्मा घातला तर थर पातळ होतो, पाणी सरळ खाली जातं, पिठूळ आणि गढूळ. वीस हजार लिटरचं भांडं दहा हजाराला चालत नाही. म्हणून आम्ही उकळी पूर्ण घेतल्या आणि पाळ्या कमी केल्या. कमी झालेल्या पाळ्यांचा फटका कंत्राटी पोरांना बसला. ती पैठण, गंगापूर, वैजापूरकडची होती, आणि त्यांच्या गावांतही टँकरच चालू होते.

त्याआधी २००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क करायचं धोरण आणलं होतं. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी कुणी घेत नाही, तिला गिऱ्हाईक मिळेल, असा त्याचा युक्तिवाद. लिटरमागे दहा रुपये अनुदान. अभय बंग आणि इतर अनेकांनी विरोध केला. मी कारखान्यातला असून विरोधकांच्या बाजूचा होतो, आणि माझं कारण नैतिक नव्हतं. काळी ज्वारी पावसावर अवलंबून. एका साली ढीग, पुढच्या साली दाणा नाही. कारखान्याला मात्र रोज तेवढंच धान्य लागतं. काळी मिळाली नाही की तो पांढरी घेणार. घरातली शिळी भाकरी संपवायला काढलेली युक्ती कारखान्याच्या मापाची केली की ती ताजी भाकरी मागते. पुढे टीका वाढली आणि अनुदान गुंडाळलं गेलं.

ज्वारीची बिअर मोठ्या मापावर होते की नाही, याचं उत्तर नायजेरियाने दिलेलं आहे. परकीय चलन वाचवायला तिथल्या सरकारने १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना लागर बिअर ज्वारी-मक्यावर आणावी लागली. ते सोपं गेलं नाही. ज्वारीचं पिठूळ फुलायला ७० अंशांच्या आसपास आणि वरची उष्णता लागते, आणि माल्टमधलं साखर करणारं मुख्य विकर तिथपर्यंत टिकत नाही. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये ते मुळातच कमी. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवायची आणि विकरं बाहेरून घालायची. कृतीचा आराखडाच बदलावा लागला. पण झालं.

आमच्याकडे आता तोही प्रश्न मिटलाय, कारण खरिपाची ज्वारीच गेली. १९९९ मध्ये जळकोट तालुका झाला त्याच्या आगेमागे सोयाबीन शिवारात शिरलं आणि आज पावसाळ्यात चहूकडे तेच दिसतं. सोयाबीनमध्ये तेल आहे, प्रथिनं आहेत, पिठूळ जवळजवळ नाही. त्याला कितीही मोड आणा, बिअर होणार नाही आणि आंबीलही होणार नाही. रब्बीला थोडी मालदांडी पेरतात, ती घरच्या भाकरीला. येळवशीच्या साठ माणसांच्या आंबिलीला बऱ्याच घरी पीठ विकतचं असतं.

तेव्हा लातूर-नांदेडकडच्या वाचकांना एक विनंती. यंदाच्या येळवशीला घरातल्या थोरल्या बाईजवळ बसून आंबिलीची कृती लिहून घ्या. पीठ, ताक, पाणी मापाने लिहा. किती माणसांची ते लिहा. रात्री किती वाजता कालवली आणि पहाटे किती वाजता चुलीवर चढवली ते लिहा. आणि भांड्याचं तोंड किती रुंद आहे, ते पट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहा. तेवढं लिहायचं राहिलं तर तुमची कृती दुसऱ्याच्या डेगीत लागू पडायची नाही.